हिरव्या दोऱ्याचं कुलूप

बसा रे इथेच. एसीचं चिलर काही एवढ्यात येत नाही, वॉचमन आत्ताच हात हलवून गेला. घरात घामाघूम होत बसण्यापेक्षा गच्ची बरी. सान्वी, ती मोबाइलची बॅटरी बंद कर बाळ, डोळ्यांवर येते. आणि जरा ऐका... काही ऐकू येतंय? नाही ना? आखातातल्या आपल्या या मनखूलमध्ये चोवीस तास ते चिलर घुमत असतं आणि आपण त्यालाच शांतता समजतो. बंद पडलं की कळतं, इतका वेळ काहीतरी चालू होतं.

आरव, तू सोमवारपासून प्लांटवर इंटर्नशिपला जाणार ना? परवा विचारत होतास, "काका, व्हायब्रेशनचं ट्रेनिंग बोअरिंग असतं का?" असतं. पहिले दोन दिवस जांभया येतात. पण ते ट्रेनिंग ज्याच्या अंगावर काटा आणून गेलं असा एक मुलगा मला माहीत आहे. मिहिका, हसू नकोस, भुताची गोष्ट सांगा म्हणून तूच मागे लागली होतीस. ही तीच. आणि ही मी कुठे वाचलेली नाही. तुमच्या साधनाकाकूच्या हातच्या पोळ्या खाऊन गेलेल्या माणसाने, खाली आमच्या सोफ्यावर बसून, मला सांगितलेली आहे.

सुजीत त्याचं नाव. चिंचवडचा, तुमच्या काकूच्या माहेरच्या ओळखीतला. नवा नवा इंजिनियर, गरीब स्वभावाचा, जरा जास्तच सरळ. त्याला इकडे आणला सतीशने. सतीश त्यांच्याच कॉलनीतला, दहा-बारा वर्षांनी मोठा, रास अल खैमाला एका सिमेंटच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. व्हिसाचं त्यानेच बघितलं, आल्यावर स्वतःच्या खोलीत ठेवून घेतलं, थंडीत स्वतःचं जॅकेट दिलं. सुजीत त्याला दादा म्हणायचा, आणि नुसतं तोंडाने नाही. घरी फोन केला की आईला सांगायचा, "इथे दादा आहे, तू कशाला काळजी करतेस?"

नोकरी पक्की होण्याआधी त्याला ते ट्रेनिंग पूर्ण करायचं होतं. शिकवणारा सतीशच. हे काम काय असतं सांगू? वैद्य नाडी बघतो ना, तसं मशीनची नाडी बघायची. मोटरवर, बेअरिंगवर लोहचुंबकाने चिकटणारा सेन्सर लावायचा, हातातल्या यंत्रावर आलेख बघायचा. मशीन मोडायच्या आधी महिना-दोन महिने थरथरून सांगत असतं की माझं काहीतरी बिघडलंय. ते ऐकायचं. सतीश छान शिकवायचा म्हणे. दर बॅचला त्याचं एक ठरलेलं वाक्य असायचं, "मशीन कधी खोटं बोलत नाही, माणूस बोलतो." आता आठवलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. पण ते पुढे.

पहिल्या दिवशी प्रत्येकाला स्वतःचं एक लाल कुलूप मिळालं. मशीनच्या आत कुणाला शिरायचं असेल तर त्याने आधी मशीनचा मेन स्विच बंद करायचा, त्याच्या दांड्याला स्वतःचं कुलूप घालायचं आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवून मगच आत जायचं. चावी दुसऱ्या कुणाकडे नसते. म्हणजे तू आत असताना जगात कुणीही ते मशीन चालू करू शकत नाही. आरव, हे नीट लक्षात ठेव, त्या एका कुलपावर माणूस आपला जीव टांगून आत जातो.

आणि हे शिकवताना सतीश याकूबची गोष्ट सांगायचा. दर बॅचला.

याकूब त्याच कारखान्यातला जुना फिटर. आपल्या दापोलीकडचा, कोकणी मुसलमान, मराठी आपल्यासारखंच बोलायचा. सतीश आणि तो वर्षानुवर्षं एका खोलीत राहिले, एका ताटात जेवले. भट्टीची गरम हवा ओढणारा एक प्रचंड फॅन आहे तिथे, दोन माणसांएवढी पाती, वरून लोखंडी कवच. आत धूळ साचली की तो फॅन हादरायला लागतो, मग कुणीतरी आत शिरून ती खरवडायची. याकूबच शिरायचा. तीन-चार वर्षांपूर्वी तो असाच आत असताना फॅन चालू झाला. पुढचं मी सांगत नाही, मुली आहेत.

सतीश वर्गात सांगायचा, "याकूब माझा जिगरी दोस्त होता. पण चूक ती चूक. कुलूप न लावताच आत गेला. आळस, दुसरं काय! चावी खिशात मिळाली आणि कुलपाचा पत्ता नाही. खलास. यल्ला, चला, पुढची स्लाइड."

सगळे माना डोलवायचे. कागदोपत्रीही तसंच लागलं होतं, मयताची स्वतःची चूक. दापोलीला त्याची बायको साजिदा, तिलाही कंपनीने तेच कळवलं. याकूब दर सुट्टीहून परत निघाला की ती त्याच्या कुलपाला एक हिरवा दोरा बांधून द्यायची. एवढ्या कुलपांत आपलं ओळखू यावं म्हणून, आणि थोडं... सांभाळणाऱ्याने सांभाळावं म्हणूनही. त्या बाईला काय वाटलं असेल सांगा. मी दोरा बांधून दिला आणि ह्यांनी कुलूप लावलंच नाही?

तर सुजीत वर्गात ऐकत होता आणि हाताने आपल्या नव्या कुलपाशी चाळा करत होता. करता करता त्याच्या लक्षात आलं की कुलूप उघडं असलं की चावी निघतच नाही. अडकून राहते. बंद केलं तरच सुटते. मुद्दामच तशी बनवलेली असतात ती, कुणी उघडं कुलूप लटकवून चावी घेऊन जाऊ नये म्हणून. त्याने हात वर केला. संशय वगैरे काही नाही हं. पहिल्या बाकावरच्या पोरासारखं, दादाला शाबासकी द्यावीशी वाटावी म्हणून विचारलं.

"दादा, पण हे बंद केल्याशिवाय चावी बाहेर येत नाही. मग याकूबभाईंची चावी खिशात कशी मिळाली?"

सतीश हसला म्हणे. पण लगेच नाही, जरा वेळाने. "गुड क्वेश्चन, हबीबी," म्हणाला. "जुनी कुलपं वेगळी होती." आणि चहाची सुट्टी दिली. सुजीतला ते पटलं. ज्याच्या मांडीवर डोकं ठेवलं त्याच्या हाताकडे कोण बघतं?

शेवटच्या दिवशी एक प्रात्यक्षिक असतं. बंद मशीनला रबरी हातोडीने एक ठोका द्यायचा आणि ते किती वेळ झणझणतं ते यंत्रावर टिपायचं. देवळातली घंटा कशी टोला दिल्यावर घुमत राहते, तसं. आजूबाजूला दुसरं काही चालू असलं की आलेख बिघडतो, म्हणून सगळं शांत असताना करायचं. कारखाना वार्षिक दुरुस्तीसाठी बंद होता, दुसऱ्या दिवशी भट्टी पेटायची होती. सतीश म्हणाला, "सुज्या, त्या मोठ्या फॅनवर कर. तिथलं काम आज संपलंय, सगळ्यांची कुलपं निघालीत. रात्री जा, शांत असतं."

तारीख सांगतो. गेल्या साली तेरा फेब्रुवारी, गुरुवार. शब-ए-बरातची, गेलेल्या माणसांसाठी दुआ मागायची रात्र होती, पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र. कामगार नमाजाला गेलेले, कँटीनमधून कुणीतरी हलवा वाटून गेलेलं. सुजीतने हलवा खाल्ला, आईला फोन केला, हेल्मेट घातलं आणि पिशवी घेऊन साडेअकराला फॅनपाशी गेला. काही भीती नाही. काम होतं, करून यायचं होतं.

फॅनच्या कवचाला माणूस वाकून जाईल एवढं एक दार असतं. ते उघडंच होतं. भिंतीवर मेन स्विच, बंद. दांड्याला एकही कुलूप नाही. त्याने बघितलं, लक्षात ठेवलं. तुम्हीही ठेवा.

सेन्सर चिकटवला. हातोडीने एक ठोका दिला. आलेखावर एक उंच रेघ उठली, मग लहान लहान होत विरली. छान. आणि ती विरल्यावर...

अजून एक उठली.

त्याला वाटलं, आपलाच हात लागला. पुसलं. परत ठोका. रेघ उठली, विरली. थोडं थांबून दुसरी उठली. कानाला काहीच ऐकू आलं नव्हतं. नुसती रेघ.

मग त्याने हातोडी खाली ठेवली. हात मांडीवर घेतले. नुसता बसून राहिला, पडद्याकडे बघत.

रेघ उठली.

हो सान्वी, बंद फॅन. वीज नाही, वारा नाही. ऐक.

याकूबने त्या कारखान्यात एक पद्धत पाडली होती, सगळे पाळतात. दार लावण्याआधी बाहेरच्याने कवचावर दोनदा ठोकायचं. आत कुणी असेल तर त्याने आतून एकदा ठोकायचं. उत्तर आलं, तर दार लावायचं नाही, स्विचला हात लावायचा नाही. सुजीतला वाटलं, कुणीतरी सफाईवाला आत झोपलाय. दुरुस्तीच्या दिवसांत झोपतात असे, गार असतं आत. भुताचा विचारही त्याच्या मनात नव्हता, होता तो आत अडकलेल्या माणसाचा. त्याने पाना घेतला आणि कवचावर दोनदा ठोकलं. ठण्... ठण्.

आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक पत्र्याला लावून मूठ कानाला लावली. जुने लोक असंच ऐकतात.

ठण्.

अगदी पलीकडून. हातभर अंतरावरून.

"कोण आहे? भाई? कौन है अंदर?"

काही नाही.

मुलाने सगळं नियमाने केलं बघा. स्विचच्या दांड्याला आपलं लाल कुलूप घातलं, चावी खिशात टाकली. पण नियम असा की आत जाताना बाहेर एक माणूस हवा. म्हणून त्याने सतीशला मेसेज केला, "दादा, मोठ्या फॅनमध्ये कुणीतरी आहे, उत्तर देतंय. मी आत जाऊन बघू का?" लगेच दोन निळ्या खुणा. आणि उत्तर, "जा बिनधास्त. मी आलोच. दारापाशी उभा राहतो."

दादा येतोय म्हटल्यावर भीती कशाची? हेल्मेट आत अडकतं, म्हणून त्याने ते काढून पिशवीवर ठेवलं, दाराच्या अगदी तोंडाशी. आणि बॅटरी घेऊन आत शिरला.

आत काळोख. बॅटरीच्या उजेडात धूळ तरंगत होती. ती दोन माणसांएवढी पाती... स्तब्ध. तो त्यांच्यामधून वाकून पलीकडे गेला. कोपरा बघितला. दुसरा कोपरा बघितला.

कुणी नव्हतं.

झोपायला जागाच नव्हती तिथे. धुळीवर पावलं होती, ती त्याचीच. पण सवयीने म्हणा, वेड्यासारखं म्हणा, त्याने आतून पत्र्यावर दोनदा ठोकलं.

ठण्... ठण्.

उत्तर आलं. एकच. पण आतून नाही.

बाहेरून. स्विचच्या बाजूने.

त्याला हायसं वाटलं रे! त्याला वाटलं, दादा आला. त्याने हाक मारली, मोठ्याने, "दादा, मी आत आहे!"

...

"दादा?"

...

बाहेर कुणाचातरी श्वास. चालून आलेल्या माणसाचा. आणि मग...

कट्.

लोखंड कापल्याचा आवाज. काहीतरी जमिनीवर पडलं. मग स्विचचा दांडा. खट्. हलला नाही. परत, खट्. परत. खट्... खट्... खट्...

कसा बाहेर आला ते त्याला आठवत नाही. कोपरं सोलली होती, ते आम्ही पाहिलंय.

बाहेर सतीश उभा होता. हातात कुलपं कापायची मोठी कात्री. सुजीतचं लाल कुलूप दोन तुकडे होऊन त्याच्या पायाशी पडलं होतं. सुजीतचं हेल्मेट, पिशवी, सगळं तिथेच, डोळ्यांसमोर.

"अरे... मला वाटलं तू गेलास," सतीश म्हणाला.

पण तो सुजीतकडे बघत नव्हता. तो स्विचकडे बघत होता.

दांड्याला अजून एक कुलूप होतं.

जुनं. कोपरे झिजलेले. त्याला एक हिरवा दोरा बांधलेला.

सतीशने परत कात्री लावली. दोन्ही हातांनी. कात्रीचं पातं वाकलं. कुलपावर ओरखडासुद्धा नाही. मग त्याच्या हातातून कात्री गळली, आणि तो लहान मुलासारखा, अगदी हळू म्हणाला,

"हे मी समुद्रात टाकलं होतं रे... मी स्वतः टाकलं होतं..."

कळलं आता? याकूबने कुलूप लावलं होतं. साहेबांना सकाळी फॅन चालू हवा होता, सतीशला शाबासकी हवी होती. याकूब बाहेर आला असेल असं धरून त्याने कुलूप कापलं, दोनदा ठोकायचंही विसरला, नाहीतर ठोकलं आणि उत्तराला थांबला नाही. ती घाई होती, माणसाकडून होते असं मी एक वेळ म्हणेन. पण मग मेलेल्या मित्राचं कुलूप समुद्रात फेकायचं, आणि दर बॅचला उभं राहून त्यालाच आळशी म्हणायचं? रोज एका ताटात जेवलेल्याला? आणि एका सरळ पोराने एक सरळ प्रश्न विचारला म्हणून, ज्याला स्वतःचं जॅकेट घातलं त्याला त्याच फॅनमध्ये पाठवायचं? केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. चोराच्या मनात चांदणं असतं, सुजीतला तर काही कळलंच नव्हतं! तो प्रश्न तो विसरूनही गेला होता.

पुढे पोलीस, जबाब, सगळं झालं. सतीश रात्रभर सेफ्टी ऑफिसात बसून तेच तेच सांगत होता, कुणी विचारलं नाही तरी. आता तो आत आहे. त्याच्याबद्दल मला अजून बोलायचं नाही.

सुजीत नंतर आमच्याकडे राहायला आला. साधनाने ताट वाढलं की बघत बसायचा. तिसऱ्या दिवशी एकदम रडायला लागला. मला वाटलं, भुताला घाबरलाय. तर म्हणाला, "काका, आत जो कुणी होता त्याची मला भीती नाही वाटत. त्याने मला दोनदा खरं उत्तर दिलं. पण दादा म्हणाला होता, मी दारापाशी उभा राहतो." मग म्हणाला, "आणि काका, तो खरंच दारापाशी उभा होता."

तुमच्या काकूने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, बस.

एप्रिलमध्ये सुट्टी मिळाली तेव्हा तो घरी जायच्या आधी दापोलीला गेला. साजिदाबाईंच्या अंगणात बसला. कंपनीने चूक सुधारल्याचं पत्र पाठवलं होतं, पण इंग्रजीतलं पत्र ते. तिला माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं. चहा ठेवला, पदर सारखा केला आणि तिने एवढंच विचारलं, "ह्यांनी कुलूप लावलेलं ना?"

"लावलं होतं, भाभी. मी डोळ्यांनी पाहिलं."

इतकी वर्षं ती त्याच्यावर रागावलेली होती रे. मेलेल्या नवऱ्यावर. कुणा तिसऱ्याच्या खोट्यापायी.

सुजीतने सांगितलं की ते कुलूप अजून त्या स्विचवर तसंच आहे. कटरने कापेना, मशीनने कापेना. कंपनीने शेवटी दुसरा स्विच बसवला. चावी असती तर उघडून तुम्हाला आणून दिलं असतं, म्हणाला.

"चावी आहे की," ती म्हणाली. याकूबच्या सामानातून आलेली. आत जाऊन तिने पत्र्याची एक लहान पेटी आणली. म्हणाली, शब-ए-बरातला संध्याकाळी ह्यांच्या नावाने फातिहा दिला तेव्हा काढली होती, तेलाच्या फडक्याने पुसली, रुमालात बांधून ठेवली. तेव्हापासून पेटी उघडलेली नाही.

रुमालाच्या दोन गाठी होत्या. तिने त्या सोडल्या. आणि दोघंही बघत राहिले.

चावी फॅनच्या आत होती तसल्याच करड्या भुकटीने माखली होती. दात्यांत, भोकात, रुमालाच्या घडीतही. घरात सिमेंटचा कण नाही, जमीन शेणाने सारवलेली. आणि आरव, समुद्राजवळच्या त्या दमट हवेत सिमेंट चार दिवसांत दगड होतं.

सुजीतने चिमटीत घेऊन बघितली. भुकटी सुटी होती... आणि अजून कोमट.